बारीक वाळू, जादा प्रेशर आणि ठिबकचा सँड फिल्टर : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

फळछाटणीचा हंगाम जवळ आला की तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर ठिबकच्या सँड फिल्टरविषयी, म्हणजे ठिबकच्या पाण्यातला गाळ अडवणाऱ्या वाळूच्या टाकीविषयी, एक संदेश फिरू लागतो. त्यातला उपदेश थोडक्यात असा आहे : फिल्टरमध्ये मिळेल तितकी बारीक वाळू भरावी, कारण वाळू ही चाळणी आहे आणि चाळणी जितकी बारीक तितके पाणी स्वच्छ, मोटर मोठी बसवून प्रेशर वाढवावे, म्हणजे गाळणी जोरात चालते, फिल्टरच्या आधीचे आणि नंतरचे प्रेशर दाखवणाऱ्या दोन्ही गेजमध्ये काहीच फरक दिसत नसेल तर वाळू एकदम साफ आहे असे समजावे, बॅकवॉश देताना, म्हणजे खालून वर उलटे पाणी सोडून वाळू धुताना, व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा आणि थोडी वाळू बाहेर आली की धुणे पुरे झाले असे मानावे, आणि शेवटी, ज्याच्याकडे शेततळे आहे त्याने पाणी एक रात्र स्थिर ठेवले तर फिल्टरची गरजच उरत नाही. यातले प्रत्येक विधान ऐकायला पटणारे आहे आणि प्रत्येक विधान वेगळ्या कारणाने चुकीचे आहे, म्हणून एकेक तपासणे आवश्यक वाटते.

बारीक वाळूचा आग्रह पूर्णपणे निराधार नाही, हे आधी मान्य करायला हवे. शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी जे मंद वाळू गाळक वापरले जातात त्यांत खरोखरच 0.15 ते 0.35 मिलिमीटरची बारीक वाळू असते, आणि लंडनमध्ये 1829 साली जेम्स सिम्पसन यांनी बांधलेल्या गाळकापासून ही पद्धत सिद्ध झालेली आहे. मात्र त्या गाळकांत पाणी तासाला साधारण 10 ते 30 सेंटीमीटर इतक्याच वेगाने खाली उतरते. आपल्या शिवारातली 60 सेंटीमीटर व्यासाची टाकी ताशी 15 हजार लिटर पाणी गाळत असेल, तर तिच्यातला वेग सेकंदाला सुमारे दीड सेंटीमीटर, म्हणजे तासाला 50 मीटरहून अधिक येतो. शेकडो पट वेगाने चालणाऱ्या यंत्रात मंद गाळकाची वाळू भरणे म्हणजे दोन वेगळ्या यंत्रांची सरमिसळ करणे होय.

याची किंमत किती पडते ते हिशेबाने सांगता येते. वाळूच्या थरातून जाणारे पाणी आणि त्यासाठी खर्ची पडणारा दाब यांचे नाते फ्रान्समधल्या दिझाँ शहराच्या पाणीयोजनेचे अभियंते हेन्री डार्सी यांनी 1856 मध्ये प्रयोगांनी दाखवले, आणि वेग जास्त असतानाही चालेल असे समीकरण साब्री एर्गुन यांनी 1952 मध्ये मांडले. त्या समीकरणात दाबातली घट दोन भागांची बनते : एक भाग पाण्याच्या चिकटपणामुळे येतो आणि तो कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, तर दुसरा भाग पाण्याला वाळूच्या फटींत सतत वळावे आणि वेग बदलावा लागल्यामुळे येतो आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वर सांगितलेल्या टाकीत 1 मिलिमीटरच्या वाळूचा 40 सेंटीमीटर थर असेल आणि थरात 40 टक्के पोकळी असेल, तर स्वच्छ वाळूत सुमारे 0.07 किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर खर्ची पडते. तीच वाळू अर्ध्या मिलिमीटरची केली की हा आकडा सुमारे 0.24 किलोवर, म्हणजे साडेतीन पटीवर जातो, आणि अजून गाळाचा एक कणही अडकलेला नसतो. हे समीकरण गोल कणांसाठी आहे. दगड दळून केलेल्या धारदार वाळूत घट याहूनही जास्त येईल.

संदेश वाचून जुन्या जाड वाळूतच बारीक वाळू मिसळली तर गोष्ट आणखी बिघडते, कारण बारीक कण मोठ्या कणांमधल्या पोकळीत जाऊन बसतात. पोकळी 40 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आली, एवढ्यानेच चिकटपणामुळे होणारी घट पावणेदोन पट होते. जाता जाता एक नोंद : पाण्याचा चिकटपणा 15 अंशांना 1.14 आणि 30 अंशांना 0.80 सेंटिपॉइज असतो, त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे गेजवर दिसणारा फरक मे महिन्यातल्या दुपारपेक्षा थोडा जास्त असणारच. तेवढ्यावरून वाळू खराब झाली असे ठरवू नये.

आता ‘वाळू म्हणजे चाळणी’ या समजाकडे वळतो, कारण बाकीच्या बहुतेक चुका याच समजातून निघतात. जाळीचा फिल्टर ही चाळणी आहे, कारण त्याच्या छिद्रापेक्षा मोठा कण अडतो आणि लहान कण पार होतो. वाळूच्या थरात मात्र फटीपेक्षा कितीतरी लहान कणही अडतात, कारण तिथे पाणी सरळ जात नाही. ते प्रत्येक कणाला वळसा घालत, कधी फाकत आणि कधी आवळत जाते. त्या वळणांवर गाळाचा कण वाळूला घासून चिकटतो, काही कण वाळूच्या माथ्यावर बसतात, तर अतिसूक्ष्म कण पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत पृष्ठभागाला जाऊन लागतात. म्हणून फिल्टरची खरी ताकद फटीच्या मापापेक्षा वाळूच्या एकूण पृष्ठभागात असते. आपल्या 60 सेंटीमीटरच्या टाकीतल्या 1 मिलिमीटर वाळूचा पृष्ठभाग मोजला तर तो 400 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चार गुंठे भरतो. बारीक वाळूत पृष्ठभाग वाढतो हे खरे, पण फटी लवकर बुजल्यामुळे गाळ वरच्या बोटभर थरातच साठून त्याची पापडी धरते आणि खालचा सगळा थर बिनकामाचा राहतो.

प्रेशर वाढवण्याच्या सल्ल्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वाळूतल्या पाण्याला आत येणारे प्रेशर 2 किलो आहे की 4 किलो आहे हे कळत नाही. त्याला फक्त थराच्या वरच्या आणि खालच्या दाबातला फरक कळतो. तो फरक दुप्पट केला तरी वर घेतलेल्या उदाहरणात पाणी दुप्पट होत नाही, सुमारे 1.7 पटच होते. वाढलेला वेग चिकटलेला गाळ सोडवून खाली ढकलतो, आणि जो गाळ फिल्टरने धरायचा तोच लॅटरलमधून, म्हणजे बागेतल्या ठिबकच्या नळ्यांमधून, थेंब सोडणाऱ्या ड्रिपरपर्यंत पोहोचतो. गाळणी चांगली व्हावी असे वाटत असेल तर त्याच पाण्यासाठी दुसरी टाकी समांतर जोडून वेग निम्मा करणे हा मार्ग आहे, आणि मोठ्या मोटरीच्या विजेच्या बिलापुढे तो महागही पडत नाही, असे माझे मत आहे.

गेजमधला फरक शून्य म्हणजे वाळू साफ, हे विधान मला या संदेशातले सर्वांत धोकादायक वाटते, कारण ते वाचणारा निर्धास्त होतो. चांगल्या, स्वच्छ, पुरेशा वाळूतून पाणी जात असेल तर काही ना काही फरक दिसलाच पाहिजे. वाळूचा थर, खालच्या जाळ्या किंवा नोझल आणि वळणदार जोड हे सगळे मिळून तो गेजवर उमटतो. प्रवाह तेवढाच असताना जो फरक आठवड्यापूर्वी दिसत होता तो अचानक नाहीसा झाला असेल, तर गेज बिघडला आहे, वाळू कमी झाली आहे किंवा थरात भोक पडले आहे, अशा मुख्यतः तीन शक्यता राहतात. यातली तिसरी वारंवार घडते. शेवाळ आणि गाळ यांनी वाळूचे ढेकूळ बनते, ढेकळाच्या कडेने पाणी वाट काढते, आणि एकदा वाट मिळाली की कमी विरोध असलेल्या त्याच वाटेने जास्तीत जास्त पाणी जाऊ लागते. टाकीच्या भिंतीलगत ही वाट सहज पडते, कारण सपाट भिंतीशी वाळूचे कण नीट बसत नाहीत आणि तिथली पोकळी मुळातच जास्त असते. अशा वेळी गेज समाधानकारक दिसतो आणि सँड फिल्टरच्या पुढच्या जाळीच्या फिल्टरमध्ये चिखल सापडतो. वाळू नवी असताना, ठरावीक प्रवाहाला दिसणारा फरक वहीत लिहून ठेवावा आणि पुढचे सगळे वाचन त्याच्याशी ताडून पाहावे; त्याहून साधारण 0.3 ते 0.5 किलो वाढ झाली की बॅकवॉश द्यावा.

बॅकवॉशबाबतचा गैरसमज थोडा सूक्ष्म आहे. पाणी खालून वर सोडले की वेग वाढत जाईल तसा दाबातला फरक वाढतो, पण पाण्याचा वर जाणारा जोर पाण्यातल्या वाळूच्या वजनाइतका झाला की वाळू उचलली जाते आणि कण सुटे होऊन तरंगू लागतात. आपल्या थरासाठी हा फरक फक्त 0.04 किलो आहे, आणि 1 मिलिमीटरच्या वाळूला त्यासाठी सेकंदाला सुमारे 1 सेंटीमीटर वेग पुरतो. त्यापुढे कितीही पाणी सोडले तरी वाळूच्या थरातला हा फरक वाढत नाही. फक्त थर फुगतो आणि कण एकमेकांपासून लांब जातात. वाळू धुतली जाते ती प्रामुख्याने कणांभोवतीच्या खळबळीने आणि कण एकमेकांवर घासल्याने, आणि कण फार लांब गेले की हे घासणेच कमी होते. म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याने धुणे सुधारत नाही, उलट वाळू वाहून जाते, आणि जी वाळू बाहेर पडताना दिसते ती धुणे पुरे झाल्याची खूण नसून पुढच्या आठवड्यातल्या कमी गाळणीची सुरुवात असते. आपल्या टाकीला थर सुमारे पाचव्या हिश्श्याने फुगवण्यासाठी ताशी 15 ते 20 हजार लिटर पाणी साधारण पुरेसे आहे. व्हॉल्व्ह हळूहळू उघडत, सांडपाण्यात वाळू येऊ लागते तिथून थोडा मागे घेऊन त्या जागी खूण करावी.

इथेच मिश्र वाळूचा दुसरा दोष उघड होतो. अर्ध्या मिलिमीटरची वाळू सेकंदाला 3 मिलिमीटर वेगालाच उचलली जाते, त्यामुळे जाड वाळू नीट हलेल इतके पाणी दिले तर बारीक वाळू फार वर चढते, आणि त्यातली 0.1 मिलिमीटरची भुकटी, जी स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे 8 मिलिमीटरच खाली येते, सरळ बाहेर जाते. पाणी बंद केल्यावर जाड कण आधी खाली बसतात आणि बारीक कण सर्वांत वर येतात, म्हणजे गाळाची पापडी धरायला सोयीचा थर आपणच दर बॅकवॉशला माथ्यावर आणून ठेवतो.

शेततळ्याचा मुद्दा म्हैसाळ, टेंभू आणि ताकारी या उपसा सिंचन योजनांचे पाणी साठवून वापरणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. स्थिर पाण्यात लहान कण किती वेगाने खाली येतो याचे गणित जॉर्ज स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडले, आणि त्यातही व्यासाचा वर्ग आहे. 0.02 मिलिमीटरचा गाळाचा कण पाऊण तासात एक मीटर खाली येतो, तेव्हा एवढ्यापुरते संदेशाचे म्हणणे खरे आहे. पण 0.002 मिलिमीटरचा चिकणमातीचा कण शंभरपट सावकाश उतरतो, म्हणजे एका मीटरला त्याला तीन दिवसांहून अधिक लागतात, आणि तेही वारा, उन्हाने होणारी पाण्याची उलथापालथ आणि मोटरीची ओढ यांपैकी काहीच नसेल तर. तुरटीने पाणी निवळते तेही याच नियमाने, कारण तिच्यामुळे सूक्ष्म कण जुळून मोठे पुंजके होतात. शेवाळाला मात्र हा उपाय अपुरा पडतो. त्याची घनता पाण्याच्या इतकी जवळची असते की ते एका रात्रीत तळाशी बसत नाही, आणि उघड्या तळ्यात उन्हामुळे ते रोज नव्याने वाढते. जाळीचा फिल्टर अशा चिकट, तंतुमय पदार्थाने काही वेळातच तुंबतो, आणि वाळूचा खोल थर मुख्यतः त्याच्यासाठीच बसवलेला असतो. तेव्हा ज्याचे पाणी विहिरीतून थेट येते त्याच्यापेक्षा शेततळे असलेल्या बागायतदारालाच सँड फिल्टरची गरज अधिक आहे.