‘गेम मुद्दाम हरवतो’: रेटिंगबद्दलचा हा दावा हिशोबात बसतो का?

ऑनलाइन गेममध्ये रँक्ड, म्हणजे रेटिंगसाठीचे सामने खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक दावा कायम फिरत असतो. थोडक्यात असा: “गेम तुम्हाला ५० टक्के विजयांवर अडकवून ठेवतो. सलग जिंकलात की कच्चे साथीदार देऊन हरवतो. टीम गेममध्ये कितीही चांगलं खेळा, पॉइंट जायचे ते जातातच, म्हणून टीम रेटिंगला काही अर्थ नाही. कंपन्यांचे पेपर आणि पेटंट वाचा, सगळं त्यात लिहिलंय. नवीन अकाउंट काढणं हाच उपाय.” कधी डोटा २ चं नाव असतं, कधी एज ऑफ एम्पायर्स २ चं. यातली टीम रेटिंगची तक्रार अर्धी खरी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. उरलेलं एकेक करून पाहू.

“५० टक्क्यांवर अडकवतात”

रेटिंग म्हणजे पुढच्या सामन्याचा अंदाज. आजच्या बहुतेक लॅडरच्या (रेटिंगनुसार लावलेल्या क्रमवारीच्या) मुळाशी आर्पाड एलो यांची पद्धत आहे. हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकी बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात दोघांच्या रेटिंगमधला फरक तेवढा मोजला जातो. फरक शून्य असेल तर जिंकण्याची शक्यता ५० टक्के. वरचा खेळाडू १०० ने वर असेल तर त्याची ६४, २०० ने असेल तर ७६ आणि ४०० ने असेल तर ९१ टक्के. सामना संपला की निकालातून (विजय १, पराभव ०) ही अपेक्षा वजा करायची आणि के नावाच्या ठरावीक आकड्याने गुणायचं. के ३२ धरला तर बरोबरीच्याला हरवून १६ पॉइंट मिळतात, २०० ने वरच्याला हरवून २४ आणि २०० ने खालच्याला हरवून जेमतेम ८.

आता एक खेळाडू घ्या. खरी ताकद १२०० ची, पण अकाउंटवर १०००. समोर १००० वाले येतात तेव्हा तो ७६ टक्के सामने जिंकतो, म्हणजे दर सामन्याला सरासरी ८ पॉइंट चढतो. ११०० वर पोचला की समोरचेही ११०० चे. विजय ६४ टक्क्यांवर येतात आणि चढण साडेचार पॉइंटांची होते. साधारण ३० सामन्यांत २० विजय, १० पराभव असा हिशोब होऊन तो ११६० च्या आसपास येतो, आणि तिथे जिंकण्याचं प्रमाण ५६ टक्के उरतं. १२०० ला ते ५० होतं. त्याला कोणी खाली ओढलेलं नाही, समोरचे खेळाडू तगडे होत गेले. अंदाज बरोबर बसला की ५० टक्के यायलाच हवेत. लॅडरच्या अगदी वरच्या टोकाला पाहा: तिथे बरोबरीचे खेळाडू पुरेसे नसतात, म्हणून पहिल्या काही जणांचं विजयाचं प्रमाण ५० च्या बरंच वर राहतं. सक्तीने ५० वर आणणारी यंत्रणा असती तर तिने सगळ्यात आधी त्यांना आणलं असतं.

“सलग जिंकलं की सलग हरवतात”

नाणं १०० वेळा उडवलं तर कुठेतरी सलग पाच किंवा जास्त काटे पडण्याची शक्यता ८१ टक्के आहे. सलग सहाची ५५ आणि सलग सातची ३२ टक्के. म्हणजे १०० सामने खेळणाऱ्या दर तिघांपैकी एकाच्या वाट्याला, कोणीही काहीही न करता, सात पराभवांची रांग येणार. ती रांग लक्षात राहते. एक आड एक विजय-पराभव झालेले वीस सामने विसरले जातात.

तरीही संशय असेल तर तपासता येतं. १०० सामन्यांची यादी करा: सामन्याआधीचं स्वतःच्या बाजूचं सरासरी रेटिंग, समोरच्यांचं सरासरी रेटिंग, निकाल. मग सलग तीन विजयांनंतरचे सामने वेगळे काढा आणि *दोन बाजूंमधला फरक* बघा. इथे हमखास चूक होते ती अशी की नुसतं समोरच्यांचं रेटिंग पाहिलं जातं. तीन विजयांनी तुमचं रेटिंग ५० च्या आसपास वाढलेलं असतं, तेव्हा समोरचेही तितकेच वरचे येणार. फरक शून्याच्या आसपास असेल तर कट वगैरे काही नाही. आणि १०० पैकी ४३ विजय एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. १०० सामन्यांत ५० च्या पाच-सात इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे.

एकतर्फी सामने मात्र खरोखर होतात, आणि त्याचं कारण बहुधा वेळ असते. सामना मिळण्यासाठी रांगेत जितकं थांबाल तितकी जुळवणीची (प्रतिस्पर्धी निवडण्याची) कक्षा रुंदावत जाते. भारतात सकाळी नऊ वाजले असतात तेव्हा युरोपात पहाट असते. खेळाडू कमी, म्हणून २५० ने वरचा प्रतिस्पर्धीही चालवून घेतला जातो.

“टीम रेटिंगला अर्थ नाही”

टीमची ताकद सरासरीने मोजणारी साधी पद्धत धरू. तुम्ही रेटिंगपेक्षा २०० ने सरस आहात. वन-व्ही-वनमध्ये (एकास एक) याचा अर्थ ७६ टक्के विजय. फोर-व्ही-फोरमध्ये (चार विरुद्ध चार) तेच २०० चौघांत वाटले जाऊन टीमची सरासरी फक्त ५० ने वर जाते, आणि जिंकण्याची शक्यता ५७ टक्के होते. के तोच ठेवला तर सामन्यामागे ८ ऐवजी सव्वादोन पॉइंट. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने एक्सबॉक्ससाठी बनवलेल्या ट्रूस्किल पद्धतीचे आकडेही हेच सांगतात: खेळाडूची पातळी ओळखायला दोघांच्या लढतीत साधारण १२ सामने लागतात, चार-चारच्या दोन टीम असतील तर ४६ आणि आठ-आठच्या असतील तर ९१.

म्हणजे “मी चांगला खेळतोय पण वर जात नाही” ही भावना खोटी नाही. माहिती पोचायला चौपट वेळ लागतो, एकेका सामन्यातले चढउतार मात्र तेवढेच मोठे असतात. के ३२ असताना खरी ताकद अजिबात न बदलता वन-व्ही-वनचं रेटिंग ५० ने मागेपुढे हलतं. फोर-व्ही-फोरचं १०० ने. टीम रेटिंग ११०० आणि ११८० असलेल्या दोघांत सरस कोण, हे या आकड्यांवरून ठरवूच नये. पण हळू म्हणजे निरर्थक नव्हे. साथीदार दर सामन्याला बदलतात, तुम्ही तेच राहता. पन्नास-साठ सामन्यांनंतर उरलेला कल तुमचाच.

सरासरीची खरी उणीव वेगळीच आहे. १६००, १०००, ९००, ९०० या चौघांची सरासरी ११००. समोर चारही जण ११०० चे. कागदावर बरोबरी. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये मात्र ९०० वाला फ्लँकवर (शत्रूला भिडणाऱ्या कडेच्या जागेवर) आला तर फ्युडल एजमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातच कोलमडतो, आणि १६०० वाला पॉकेटमधून (मागच्या सुरक्षित जागेवरून) पोचेपर्यंत सामना तीन विरुद्ध चार झालेला असतो. ही तक्रार रास्त आहे आणि ती डेव्हलपरांकडे याच शब्दांत जायला हवी: टीममधल्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या रेटिंगमधलं अंतर मर्यादित ठेवा. ठरवून, बोलत खेळणाऱ्या चौघांना चार सुट्या खेळाडूंइतकंच धरणं हीदेखील तशीच उणीव.

“मग वैयक्तिक कामगिरीवर पॉइंट द्या” ही मागणी धोक्याची आहे. २०१८ च्या ट्रूस्किल २ ने किल्सची (मारलेल्या शत्रूंची) संख्या हिशोबात घेतली, पण ती शूटर गेमसाठी. स्ट्रॅटेजीत दोन शत्रूंना अंगावर घेऊन वीस मिनिटं तग धरणाऱ्या फ्लँकचा स्कोअर कमी दिसतो आणि मागे निवांत इकॉनॉमी वाढवणाऱ्या पॉकेटचा जास्त. डोटामध्ये टीमला नकाशा दिसावा म्हणून वॉर्ड लावणारा सपोर्ट (मदतनीस खेळाडू) किल्सच्या यादीत तळाला असतो. स्कोअरला पॉइंट मिळायला लागले की लोक स्कोअरसाठी खेळतील, आणि मदतीला कोणी येणार नाही.

“पेपर आणि पेटंटच पुरावा आहेत”

दोन्ही खरोखर आहेत. खेळाडू गेम सोडून जाऊ नये यासाठी जुळवणी कशी करावी, यावर इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या संशोधकांचा सहभाग असलेला पेपर २०१७ मध्ये आला. त्याच वर्षी अ‍ॅक्टिव्हिजनला खरेदीला चालना देणाऱ्या जुळवणीचं पेटंट मिळालं. अशा पद्धतींबद्दल कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. पण एका कंपनीचं पेटंट हा दुसऱ्या कंपनीच्या गेमविरुद्ध पुरावा होत नाही. त्यासाठी वर सांगितलेली १०० सामन्यांची यादीच लागते.

“नवीन अकाउंट काढा”

मार्क ग्लिकमन यांच्या ग्लिको पद्धतीत रेटिंगसोबत अनिश्चिततेचा आकडाही असतो. नव्या अकाउंटवर तो मोठा असतो, म्हणून सुरुवातीचे विजय भरघोस पॉइंट देतात आणि पराभव तितकेच काढून घेतात. लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर सुरुवात १५०० ने होते आणि अनिश्चितता ११० च्या वर असेपर्यंत आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसतं. नशिबाने पहिले आठ सामने जिंकलात तर रेटिंग उंच दिसेल आणि पुढच्या तीस-चाळीस सामन्यांत जागेवर येईल. त्या काळात तुमच्याकडून हरणाऱ्या खऱ्या नवख्यांचे पॉइंट मात्र विनाकारण जातात.

डोटा २ एप्रिल २०२३ पासून ग्लिकोवर आहे. दीर्घ विश्रांतीनंतर या पद्धतीत अनिश्चितता आपोआप वाढते. मधल्या काळात तुम्ही खरंच सुधारला असाल, तर जुन्याच अकाउंटवर पहिल्या काही सामन्यांत रेटिंग झपाट्याने वर सरकतं.