‘रोजच्या गोळ्या अंगातली जीवनसत्त्वं ओढून घेतात’ : त्या फॉरवर्डचा समाचार

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा : शुगर, बीपी, अ‍ॅसिडिटी, कोलेस्टेरॉल, कुठलीही रोजची गोळी अंगातली जीवनसत्त्वं ओढून घेते, डॉक्टर हे लपवतात, गोळीसोबतच एक मल्टीव्हिटॅमिन घ्या, शहाळं प्या आणि गोळ्या बंद करा. पहिलं वाक्य थोडंफार खरं आहे, म्हणूनच शेवटचा सल्ला लोकांच्या गळी उतरतो.

‘कुठलीही गोळी.’ नाही. बीपीची अ‍ॅमलोडिपिन एकाही जीवनसत्त्वाला धक्का लावत नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांमुळे रक्तातलं कोएन्झाइम क्यू१० (पेशींना ऊर्जा बनवायला लागणारा घटक) घटतं हे खरं, पण ते जीवनसत्त्व नव्हे, शरीर ते स्वतः बनवतं. आणि त्याच्या महागड्या कॅप्सूलनी स्टॅटिनमुळे होणारं स्नायूंचं दुखणं थांबतं असं चाचण्यांत ठामपणे दिसलेलं नाही. जिथे परिणाम आहे तिथे तो ठरावीक औषधाचा, ठरावीक घटकावर असतो. सगळ्यांत महत्त्वाचं उदाहरण मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीचं आणि बी१२ या जीवनसत्त्वाचं.

बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्यासाठी तिथे कॅल्शियम लागतं. मेटफॉर्मिन नेमकं तिथे आड येतं, असं मानलं जातं. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत ८५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा घेणाऱ्यांचं बी१२ चारेक वर्षांत सरासरी १९ टक्के घटलं. डोस मोठा आणि वर्षं जास्त, तितका धोका जास्त.

पण हे महिन्याभरात होत नाही. शरीरात, मुख्यतः यकृतात, २ ते ५ मिलिग्रॅम साठा असतो आणि रोजची गरज साधारण २ मायक्रोग्रॅमची, म्हणून भरलेला साठा वर्षानुवर्षं पुरतो. आपल्याकडची अडचण वेगळी आहे : जन्मभर शाकाहारी माणसाचा साठा मुळातच तोकडा असतो. डाळी-पालेभाज्यांत बी१२ नसतं. दूध-दह्यात असतं, पण रोजचा एक कप चहा म्हणजे दूध नव्हे.

पायांना मुंग्या, तळवे बधिर, चालताना तोल जाणं ही लक्षणं मधुमेहानेही होतात आणि बी१२ च्या कमतरतेनेही. ‘शुगरमुळेच असणार’ म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा. तेही बी१२ ची गोळी सुरू करण्याआधी. नंतर आकडा फुगलेला येतो आणि निदान धूसर होतं. बी१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. २०० ते ३०० च्या मधे असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्लाची तपासणी उलगडा करते. लक्षणं नसली तरी चार-पाच वर्षं मेटफॉर्मिन चालू असणाऱ्याने अधूनमधून ही तपासणी करून घ्यावी.

‘डॉक्टर लपवतात.’ ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये जाहीरपणे कळवलं की मेटफॉर्मिनने बी१२ कमी होणं हा नेहमी आढळणारा दुष्परिणाम आहे. क्षयाच्या औषधांतलं आयसोनियाझिड बी६ घटवतं, म्हणून गरजेनुसार पायरिडॉक्सिन (म्हणजे बी६च) सोबत दिलंच जातं. ओपीडीत वेळ मिळत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

‘गोळीसोबतच मल्टीव्हिटॅमिन.’ यात सर्वाधिक गोंधळ आहे. थायरॉइडची गोळी लोह किंवा कॅल्शियमसोबत घेतली तर नीट शोषलीच जात नाही. दोहोंत चार तासांचं अंतर हवं. अ‍ॅसिनोकुमारॉल किंवा वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर मल्टीव्हिटॅमिनमधल्या ‘के’ जीवनसत्त्वाने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) ढळू शकतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाने थायरॉइडच्या टीएसएच तपासणीचा रिपोर्टच चुकू शकतो.

बरं, फायदा तरी होतो का? मेटफॉर्मिनवाल्याला तर फारसा नाही. तोंडाने मोठा डोस घेतला तर बी१२ चा सुमारे १ टक्का भाग नेहमीच्या वाटेशिवाय आत शिरतो. म्हणजे १००० मायक्रोग्रॅममधून १० मिळतात, ते पुरतात. मल्टीव्हिटॅमिनमधल्या दोन-चार मायक्रोग्रॅमने तूट भरत नाही. नसांची लक्षणं असतील तर बहुधा आधी इंजेक्शनं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नये : रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि नसांची हानी आत चालूच राहते. ‘नसांच्या’ मिश्र गोळ्यांत बी६ किती आहे तेही पाहा. जास्त डोस दीर्घकाळ घेतला तर बी६ स्वतःच बधिरपणा आणतं.

‘बीपीच्या गोळीने पोटॅशियम जातं, शहाळं प्या.’ कोणती गोळी? क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, फ्युरोसेमाइड पोटॅशियम घालवतात. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन उलट ते साठवतात. या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्याची किडनी कमजोर असेल तर रोजचं शहाळं आणि पोटॅशियमवालं ‘लो सोडियम’ मीठ मिळून हृदयाचे ठोके बिघडवू शकतात. अनेक स्ट्रिपांत टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असतं, तिथे अंदाज बांधण्यात अर्थ नाही. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासा.

‘गोळ्या बंद करा.’ अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल, ओमेप्राझोल पुष्कळ जण चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं घेतात, आणि इथे फॉरवर्डच्या काळजीत तथ्य आहे. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं आणि या गोळ्या तेच कमी करतात. मॅग्नेशियमही घटतं : पेटके, थरथर, अनियमित ठोके. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २०११ मध्ये याचा इशारा दिला. तिने तपासलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे पाव जणांत नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, गोळीच थांबवावी लागली. कॅल्शियम घ्यायचं असेल तर अशांनी कार्बोनेटऐवजी सायट्रेट घ्यावं, त्याला आम्ल लागत नाही.

मात्र ही गोळी एकदम सोडली की काही दिवस आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटतं, जळजळ उसळते आणि माणूस ‘मला गोळीशिवाय जमतच नाही’ म्हणून पुन्हा सुरू करतो. डॉक्टरांशी बोलून ४० वरून २० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांनी दिवसाआड, मधल्या दिवशी त्रास झालाच तर अँटासिड, अशी उतरण करावी. अल्सर होऊन गेलाय आणि अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत, अशांनी ती स्वतःहून सोडायची नाही. त्यांच्यात तीच गोळी जठरातला रक्तस्राव रोखून धरत असते.