‘आज घर घेतलं नाही तर कधीच नाही’ या मेसेजला उत्तर

घराबद्दलचा एक मेसेज सोसायटीच्या, ऑफिसच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतो. त्यातले दावे थोडक्यात असे: जागेचे भाव कधीच उतरत नाहीत. भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, तेवढ्यात हप्ता भरा. व्याजदर उतरलेत तोवर कर्ज घेऊन टाका. महारेराचा (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) नंबर आणि बँकेची मंजुरी असली की कागद बघत बसायची गरज नाही. आणि म्हणून आजच टोकन देऊन फ्लॅट अडवून ठेवा.

हा मेसेज वाचून आई-वडील मुलांच्या मागे लागतात, मुलं पीएफ काढतात आणि रविवारच्या एका साइट व्हिजिटमध्ये वीस वर्षांचा निर्णय होऊन जातो. म्हणून एकेक दावा नीट तपासायला हवा.

भावांपासून सुरुवात करू. मुंबईत भाव उतरलेले आहेत. 1990च्या दशकाच्या मध्यावर चढलेले भाव पुढे काही वर्षं घसरत गेले. 2014 नंतरची पाच-सहा वर्षं मुंबई-पुण्यात ते जवळपास जागच्या जागी होते. महागाई धरली तर त्या काळात घर घेणाऱ्याच्या पैशाची किंमत कमीच झाली. 2021 पासून भाव चांगले वाढले, हे खरं आहे. पण मेसेज तेवढाच तुकडा दाखवतो.

मंदीत भाव उतरल्याचं दिसत का नाही, त्यालाही कारण आहे. बिल्डर छापील दर शक्यतो कमी करत नाही, कारण आधी बुकिंग केलेले लोक लगेच दारात येतात. तो स्टॅम्प ड्युटी स्वतः भरतो, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा दर) सोडतो, पार्किंग देतो, मॉड्युलर किचन देतो. 2020 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं, तेव्हा उरलेलं शुल्क आम्ही भरतो अशा जाहिराती कितीतरी बिल्डरांनी केल्या. दर कागदावर तोच, घर मात्र काही लाखांनी स्वस्त. म्हणून ‘रेट काय चाललाय’ हे सेल्स ऑफिसात विचारून भागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सर्व्हे किंवा गट नंबर टाकला की त्या जागेवरच्या करारांची सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टू, बघता येते. शेजारच्या माणसाचा करार किती रकमेचा झाला ते तिथे लिहिलेलं असतं. भाव करायला बसण्याआधी तो आकडा हातात हवा.

आता भाडं आणि हप्ता. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच दावा, कारण तो साधी बेरीज लपवतो. समजा, पुण्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 75 लाखांचा फ्लॅट आहे. बिल्डरची कॉस्ट शीट समोर ठेवा. मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 5,25,000 (घर बाईच्या नावावर असेल तर 1 टक्का कमी). नोंदणी शुल्क 30,000. जीएसटी 5 टक्के, 3,75,000. झाले 9,30,000. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 ते 75 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के देते आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. म्हणजे कर्ज 60 लाख, आणि स्वतःचे 15 लाख अधिक वरचे 9,30,000, एकूण 24,30,000 आधी हवेत. मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, वीजजोडणी, वकील, पंखे-पडदे हे सगळं यानंतर.

8 टक्के दराने 20 वर्षांसाठी 60 लाखांचा हप्ता साधारण 50,200 रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात 40,000 रुपये व्याज असतं. भाडं पाण्यात जातं म्हणणाऱ्यांनी या 40,000 चं काय ते सांगावं. असा फ्लॅट भाड्याने 22-25 हजारांत मिळत असेल, तर फरक महिन्याला 25 हजारांचा पडतो. त्यातून शिल्लक वाढते, पुढचं कर्ज लहान होतं. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकदम भरावं लागतं, तो भाग मेसेजमध्ये नाहीच. स्वतःचं घर हवंसं वाटणं चुकीचं नाही. घरमालक दर अकरा महिन्यांनी करार बदलतो, शाळेतल्या मुलांना घेऊन घर बदलणं त्रासाचं असतं, आणि हे कारण घर घ्यायला पुरेसं आहे. पण ते स्थैर्याचं कारण आहे. त्याला पैसे वाचवण्याचं कारण म्हणू नये.

व्याजदराचा दावा 2021 मध्येही असाच फिरत होता. तेव्हा रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) 4 टक्के होता आणि गृहकर्ज 6.7 टक्क्यांनी मिळत होतं. 60 लाखांना हप्ता बसायचा साधारण 45,400. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 6.5 टक्क्यांवर गेला. 6.7 चं कर्ज 9.2 वर पोहोचलं, की वर्षभर फेडूनही त्या कर्जाचं महिन्याचं व्याजच 45,000 च्या आसपास होतं. हप्ता तोच राहिला तर मुद्दल जवळपास फिटतच नाही. बँकांनी अशा वेळी मुदत लांबवत नेली आणि पुष्कळ कर्जदारांना ते नंतर स्टेटमेंट बघून कळलं. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा. 2025 मध्ये दर पुन्हा उतरले. आजचा दर वीस वर्षं टिकणार नाही, एवढं धरून चाला. दोन टक्के जास्त लावून हप्ता काढा आणि तो पगारात बसतो का बघा.

महारेराबद्दलचा दावा तर घातक आहे. रेरा कायद्याने खूप दिलंय: बुकिंगच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, ताबा लांबला तर व्याज किंवा व्याजासकट पैसे परत, ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी. पण नंबर म्हणजे सरकारने कागद तपासून दिलेली हमी नव्हे. कल्याण-डोंबिवलीत 65 बेकायदा इमारतींनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराचे नंबर मिळवले. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. आत कुटुंबं राहत होती, अनेकांची गृहकर्जं चालू होती. म्हणजे नंबरही होता, बँकही होती.

बँकेचा वकील बँकेसाठी काम करतो. इमारत गेली तरी कर्ज तुमच्या नावावर राहतं. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि ती खरोखर दिली गेली आहे का, ते विचारा. आपला वकील लावून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जागेच्या मालकीचे जुने व्यवहार तपासलेला अहवाल) काढा. महारेराच्या पानावर पूर्णत्वाची तारीख कितीदा पुढे ढकलली आहे आणि कोर्टात काय चालू आहे ते वाचा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला) बघितल्याशिवाय पुढचं बोलू नका. ‘ओसी येतेय’ हे उत्तर पुरेसं नाही.

रेडी रेकनर वाढला म्हणजे बाजारभाव वाढलाच, असंही काही ठिकाणी जोडून लिहिलेलं असतं. तो मुद्रांक शुल्क मोजायचा किमान दर आहे, एवढंच.

उरलं टोकन. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार (बुकिंगनंतर बिल्डर देतो ते पत्र) 15 दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात नाही. पुढे 30 दिवसांपर्यंत 1 टक्का, 60 दिवसांपर्यंत दीड टक्का, नंतर 2 टक्के. तरीही ‘ऑफर आज रात्रीपर्यंत’ म्हणून पावतीवर ‘नॉन-रिफंडेबल’ छापून पैसे घेतले जातात. अशी पावती समोर आली तर चेक देऊ नका. त्याच प्रकल्पाचं वाटपपत्र महारेराच्या संकेतस्थळावर उघडा, रद्द करण्याचं कलम काढा आणि सेल्सच्या माणसाला ते दाखवून विचारा की या दोनपैकी तुम्ही कोणत्या कागदावर सही करणार.