पाचट आणि पीट एका मापाने मोजू नका

गाळप हंगामात उसाचे फड पेटू लागले, की निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंतच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. मजकूर साधारण असा: 'इंडोनेशिया-रशियात जमिनीखाली पीट हजारो वर्षं आपोआप जळतंय. ज्वाळा नाहीत म्हणजे कार्बनही थोडाच. हवेत गेलेला कार्बन झाडं परत ओढून घेतात, आपल्या पाचटासारखंच. पाऊस पडला की विझतं. आपल्या झरियाची आगही तसलीच. मग हवामान बदलाचं खापर माणसावर का?' मेसेज शेतकऱ्याची बाजू घेतो, म्हणून कुणी तपासत बसत नाही.

पीट म्हणजे पाणथळीत अर्धवट कुजून साचलेला वनस्पतींचा थर. आता झारखंडमधल्या झरियाचं आधी उरकू. तिथे दगडी कोळसा जळतो, १९१६ पासून, आणि तोही खाणीत. पीटशी त्याचा संबंध नाही.

'पाचटासारखंच' हा दावा मात्र नीट पाहायला हवा, कारण पाचटाबद्दल तो बराचसा खरा आहे. उसाने वर्ष-दीड वर्षात हवेतून घेतलेला कार्बन पाचट पेटवल्यावर हवेत जातो आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक, वाढताना जवळपास तेवढाच परत घेतो. पीटचं गणित वेगळं. पाणथळीत मेलेल्या झाडाझुडपांना ऑक्सिजन मिळत नाही, ती पुरती कुजत नाहीत आणि त्यांचा थर साचत जातो, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. मीटरभर थराला हजार वर्षं लागतात. पिढ्यान्‌पिढ्या भरत आलेलं पेव एका उन्हाळ्यात उपसलं, तर पुढच्या सुगीला ते भरत नाही. २०१५ साली इंडोनेशियातल्या आगींचा धूर सिंगापूरला पोचला. त्यातल्या कणांमधल्या कार्बनचं वय कार्बन-१४ (काळानुसार घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) मोजून काढलं, तेव्हा ते सरासरी आठशे वर्षांच्या आसपास निघालं. तो कार्बन परत जमिनीत जायला किती पिढ्या लागतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. जगाच्या जमिनीपैकी तीनेक टक्केच जागा पीटची, पण सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून नाही एवढा कार्बन तिच्यात आहे.

ज्वाळा नाहीत हे खरं. पण धुमसत्या आगीला ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून किलोमागे कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि बारीक कण उलट जास्त निघतात. शिवाय ती खाली उतरते. १९९७ मध्ये इंडोनेशियाच्या मध्य कालिमंतान प्रांतात पीटचा सरासरी अर्धा मीटर थर जळून गेला. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगींतून ८१ ते २५७ कोटी टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज आहे. जगभरात कोळसा-तेल-वायू जाळून वर्षाला जेवढा कार्बन सुटत होता, त्याच्या १३ ते ४० टक्के. याला 'थोडाच' कोण म्हणेल?

'आपोआप' हा शब्द तर सरळ दिशाभूल करणारा. वीज पडून पीट पेटतं, पूर्वीही पेटत असे. पण ओलं पीट सहसा पेट घेत नाही. कालिमंतानात १९९५ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने सुमारे दहा लाख हेक्टरवर भातशेती करायचं ठरवलं आणि पाणथळी कोरड्या करायला हजारो किलोमीटर कालवे खणले. भात आला नाही, योजना गुंडाळली, कालवे तसेच राहिले. एल निनोच्या दुष्काळात त्या वाळलेल्या जमिनीला आग लागली. आग नसली तरी असं वाळलेलं पीट हळूहळू कुजून कार्बन सोडतच असतं.

पावसाचं म्हणाल, तर वरवरचा पाऊस खोलवरच्या निखाऱ्यापर्यंत पोचत नाही. अलास्कात आणि कॅनडात काही आगी अख्खा हिवाळा बर्फाखाली तग धरून उन्हाळ्यात पुन्हा वर आल्या आहेत.

आता आपल्या फडाकडे. पाचट जाळणाऱ्याला कालिमंतानच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. पण मेसेज त्याला जी क्लीन चिट देतो, तीही चुकीची आहे. एकरी तीन-चार टन पाचट पेटतं, तेव्हा जमिनीत मुरू शकणारा कार्बन आणि जवळजवळ सगळं नत्र धुरात जातं, आणि मग माती परीक्षणाच्या कार्डावर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आला की आपण खताच्या दुकानाची वाट धरतो. खोडव्यात एक सरी सोडून एक अशा सरीआड पाचट पसरून ते कुजवणारे शेतकरी याच पट्ट्यात आहेत. त्यांचं पाणीही वाचतं.