काका, किती मागू?

आज सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर आमच्या मजल्यावरची पोरगी भेटली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, विनोदी लिहिते आणि खरंच चांगलं लिहिते. एका इव्हेंटवाल्यानं तिची तीन स्किट्स घेतली आहेत. पुढच्या महिन्यात शो आहे, तिकीट लावलंय, बॅनरवर चार प्रायोजकांची नावं आहेत. तिनं फोन माझ्यापुढे धरला. मेसेज होता: "स्क्रिप्ट एकदम भारी! मानधनाचं सध्या जमणार नाही, पण एक्स्पोजर जबरदस्त मिळेल." खाली हात जोडलेले इमोजी.

ती म्हणाली, "काका, किती मागू? म्हणजे, मागू ना?"

मला आकडा सांगता आला नाही. तर्रीत पोहे भिजून गोळा झाले, तसेच ठेवून घरी आलो. दिवसभर कामात लक्ष नाही. ते "किती मागू" एक वेळ ठीक. त्याच्यामागचं "मागू ना?" डोक्यातून जात नाहीये. स्वतःच्या कामाचे पैसे मागायला एकवीस वर्षांची पोरगी परवानगी घेऊन राहिली आहे, अन् तेही माझ्याकडून!

२०११ चा मे. मी चोवीस वर्षांचा, दिवसा मेडिकल स्टोअरमध्ये कामाला, रात्री लिहायचो. एका हास्य-कार्यक्रमासाठी सहा मिनिटांचं स्किट लिहिलं. दोन भावांची वाटणी, बाहेर ४७ डिग्री, आणि सगळं भांडण एका कूलरवर. धाकट्याचं शेवटचं वाक्य मी आधी असं लिहिलं होतं: "मले कूलर द्या, घर राहू द्या दादाले." तालमीत कोणी हसलं नाही. तीन रात्री त्या एका ओळीवर काढल्या. चौथ्या रात्री उलटी केली: "घर राहू द्या दादाले... मले कूलर द्या." शब्द तेच. कूलर शेवटी गेला, त्याच्याआधी नटानं एक श्वास घेतला, बस्स. शोच्या रात्री त्या ओळीवर अख्खं सभागृह फुटलं. मी विंगेत प्रॉम्प्टिंगची वही घेऊन उभा होतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी हिशोब लिहायला मलाच बसवलं, अक्षर चांगलं म्हणून. कूलर भाडे, दोन दिवस, ८०० रुपये. टेम्पो ३००. मेकअप १५००. आणि लेखकाचा उल्लेख कुठे, तर "सत्कार : शाल, श्रीफळ" या ओळीत. मी माझ्या हातानं ते लिहिलं. स्टेजवर नुसता उभा केलेला कूलर आठशे रुपये घेऊन गेला आणि त्या कूलरवर हशा आणणाऱ्या ओळीला एक रुपया नाही.

विचारलं तर आयोजक म्हणाले, "भाऊ, नवीन आहात तुम्ही. संधी देऊन राहिलो ना तुम्हाले."

अहो, टेम्पोवाला पोरगाही नवीनच होता! त्याला संधी नाही दिली कोणी, रोख तीनशे दिले. मग लिहिणाऱ्याच्याच वेळी ही संधी कुठून निघते?

वर आयोजकांच्या भाषणात नाटककार राम गणेश गडकऱ्यांचं नाव. बाळकराम या नावानं विनोद लिहिणारा हा माणूस १९१९ साली इथे नागपूरजवळ सावनेरला वारला, वय अवघं ३३. त्यांच्या नावावर टाळ्या घेता ना? मग त्यांच्या वाटेनं चालू पाहणाऱ्या पोराच्या हातात पाकीट ठेवताना कुठे जातात गडकरी? नागपुरात मारबतीचा पुतळा काढताना ओरडतात ना, तसं: फुकटात लिहून घ्यायची ही रीत घेऊन जा गे मारबत!

बरं, नवख्यांचं पुष्कळसं कच्चं असतं, मान्य. कच्चं वाटलं तर परत करा. पण घेतलं, बसवलं, तिकीट लावलं, की पैसे द्यायचे. कॉलेजच्या गॅदरिंगला खिशात काही नसतं, तेही मान्य. हा शो काही गॅदरिंगचा नाही.

आणि "आपल्याकडे लोक हसायला पैसे देत नाहीत" हे तर मला सांगूच नका. धान घरात आलं की तिकडे गडचिरोली-चंद्रपूरकडे झाडीपट्टीच्या मंडपात लोक तिकीट काढून रात्रभर नाटक बघतात, थंडीत, घोंगडी पांघरून. पैसे देणारा प्रेक्षक आहे. ते पैसे लिहिणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत, मधेच मुरतात.

ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओवर स्केचचे पैसे मिनिटाच्या हिशोबानं मिळतात. दर लेखकांची संघटना बीबीसीसोबत बसून ठरवते. तिथे 'वीक एंडिंग' नावाचा कार्यक्रम होता, १९७० पासून १९९८ पर्यंत चालला, त्यात नवखे थेट येऊन लिहायचे. कित्येक मोठ्या लेखकांची सुरुवात तिथे झाली. बीबीसीला घरोघरच्या टीव्हीच्या लायसन्स फीचे पैसे येतात, आपल्या आयोजकांना येत नाहीत, हो, कळतं मला. पण मिनिटावर मोजायला लायसन्स फी लागत नाही, घड्याळ लागतं. अमेरिकेतले सिनेमा-टीव्हीचे लेखक २०२३ मध्ये १४८ दिवस काम बंद करून बसले होते. आपल्याकडे एक "नाही" म्हणायला घसा कोरडा पडतो.

त्याच स्किटचं पुढे काय झालं तेही सांगतो. वर्षभरानं वर्ध्याला एका लग्नाच्या संगीतात तेच बघितलं. तीच वाटणी, तोच कूलर, तीच ओळ. माझं नाव कुठेच नाही. मला तेव्हा ठाऊक नव्हतं की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकानं लेखी, सही करून दिल्याशिवाय हक्क दुसऱ्याकडे जातच नाहीत, आणि दिले तरी लेखक म्हणून आपलं नाव सांगायचा अधिकार आपल्याकडेच राहतो. मी जेवलो आणि चुपचाप निघून आलो. मुलीचे वडील ओळखीचे होते, त्यांच्या घरच्या कार्यात काय बोलणार.

एवढा वेळ तापून लिहिलं, आता जरा शांत झालोय. त्या शोच्या रात्री घरी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. आई जागी होती. तिनं शाल हातात घेतली, कापड बोटांनी चोळून बघितलं आणि विचारलं, "अन् पैसे?" मी म्हटलं, "पुढच्या वेळी." ती काही बोलली नाही. सकाळी नारळ फोडून चटणी केली. पुढची वेळही तशीच गेली, त्याच्या पुढचीही. २०१४ नंतर मी स्किट लिहिलं नाही. आई आता नाही. शाल आहे.

मित्रहो, तुमच्यापैकी निम्मे लोक गणपतीत, कोजागिरीला, ऑफिसच्या डेला कार्यक्रम बसवता. मला दरवर्षी प्रेमानं बोलावता, मीही येतो. यंदा बोलवाल तेव्हा आधी लिहिणाऱ्याला किती दिले ते सांगा. साउंडवाल्याला ॲडव्हान्स देता त्याच दिवशी त्यालाही द्या. थोडे द्या, पण लिहायच्या आधी आकडा ठरवा आणि नाव छापा.

दुपारी त्या पोरीला फोन केला. म्हटलं, बेटा, मिनिटाला पाचशे सांग. सहा मिनिटांचे तीन हजार, तीन स्किट्सचे नऊ. ती घाबरली. "काका, त्यांनी कामच काढून घेतलं तर?" मी म्हटलं, तर स्किट तुझ्याकडेच राहील, तुझ्याच नावावर.

आत्ता हे लिहितानाच तिचा मेसेज आलाय. पलीकडून उत्तर आलं: "सहा हजार देतो, अर्धे शोनंतर." ती विचारतेय, हो म्हणू का. मी कळवलंय की हो म्हण, पण आधी त्यांच्याकडून लिहून घे, आणि पहिले तीन हजार हातात पडेपर्यंत तिसरं स्किट बसवू देऊ नको.