अहो, बसू द्या ना त्या पक्ष्यांना!

दर हिवाळ्यात तेच. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून, काळोखात उठून पक्षी बघायला अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर पोचायचं, पंधरा-वीस जण दबक्या पावलांनी चालत असायचे, आणि नेमकं कुणीतरी थेट थव्यावर धावत सुटायचं. का, तर उडतानाचा फोटो हवा!

परवाही तसंच. कालवफोड्याची (शिंपले खाणारा किनाऱ्यावरचा पक्षी) लाल-केशरी चोच ओल्या वाळूत पार डोळ्यांपर्यंत खुपसलेली. दुर्बिणीत तो जरा कुठे स्थिर दिसतोय, तोच अख्खा थवा भुर्रकन उडाला. पाण्यावरून वळसा घालून टेकला, की तो धावणारा गडी पुन्हा त्याच्या मागे! अरे, ते चिखल्या पक्षी लडाख-तिबेटकडून आलेत, कुरव (सीगल) मध्य आशियातून. वाळू उघडी पडते तेवढ्या चार-सहा तासांत त्यांना पोट भरायचं असतं. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी तुझ्या एका फोटोपायी का जाळायची त्यांनी?

आणि हा कुणी हुल्लडबाज पर्यटक नव्हे, आमच्याच ग्रुपमधला, सगळ्या पक्ष्यांची नावं तोंडपाठ असलेला! (त्याचाच जास्त राग येतो.) सांगायला गेलं तर म्हणतो, "उडाले तर काय झालं, परत बसतील की." डोकं फिरतं नुसतं.