मोटरहोमचं दार, वारा आणि दाराचा कॅच

कॅम्पवर गाडी उभी राहिली की मोटरहोमचं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचं, दार दिवसभर उघडंच राहतं. सतत ये-जा चालू असते, हातात काही ना काही असतं, दर वेळी दार लावत कोण बसणार? पण हे दार बाहेर उघडतं. आतून फोम भरलेलं पॅनल, भोवती ॲल्युमिनियमची पातळ चौकट, आणि सगळा भार बिजागरीच्या बारीक स्क्रूंवर. वाऱ्याने ते एकदा जोरात भिरकावलं की बिजागरी वाकते, चौकट किंचित तिरकी होते, रबराची गॅस्केट वरच्या कोपऱ्यात नीट दबत नाही. मग पावसात तिथून पाणी झिरपतं आणि आपण छतावर गळती शोधत बसतो.

माझं स्पष्ट मत आहे: उघडं दार गाडीच्या बाहेरच्या भिंतीला अडकवून ठेवायचा कॅच तुटला की त्याच जागी आणखी दणकट कॅच बसवणं ही या बाबतीतली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. आधी जागा तपासा.

साधा हिशोब करू. दार ६५ सेंमी रुंद आणि १८० सेंमी उंच धरलं तर क्षेत्रफळ जवळपास १.१७ चौरस मीटर होतं. ताशी ४० किमीचा वारा त्यावर समोरून आदळला तर अंदाजे ९ किलोचा जोर पडतो. ताशी ८० किमीच्या झोताला तोच ३६ किलो होतो, कारण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. हा जोर दाराच्या मध्यावर लागतो असं समजा. कॅच बिजागरीपासून सर्वांत लांबच्या कडेला असेल तर त्याच्या वाट्याला निम्मा जोर येतो, म्हणजे ४० च्या वाऱ्यात साडेचार किलो. तोच कॅच बिजागरीपासून एक तृतीयांश अंतरावर असेल तर साडेतेरा किलो. कॅच तोच, वारा तोच, ताण तिप्पट. बऱ्याच गाड्यांत कॅच मध्येच कुठेतरी बसवलेला दिसतो, कारण लांबच्या कडेला हँडल आणि कुलूप असतं. हँडलच्या थोडं वर किंवा खाली, कडेपासून ५ ते ८ सेंमी आत, बहुतेक वेळा जागा सापडते. उंची दाराच्या मध्याजवळ ठेवा. फार खाली बसवला तर वरचा भाग वाऱ्यात फडफडतो आणि दार पिळवटतं.

आता कॅच कोणता? टी आकाराचं डोकं खोबणीत टच्चकन बसतं, तो प्लास्टिकचा प्रकार मला सगळ्यात पटतो. तो कमकुवत आहे, आणि तो तसाच असावा. मोठा झोत आला तर तुटायचा तो स्वस्त प्लास्टिकचा तुकडा. तिथे स्टीलचा हुक लावला तर झटका थेट पॅनलच्या पातळ पत्र्यावर आणि बिजागरीवर जातो, आणि ते दुरुस्त करणं म्हणजे अख्खं दार उतरवणं. उन्हाने मात्र हे प्लास्टिक कडक होत जातं. डोक्याच्या मानेशी नखाने दाबून पाहा. पांढऱ्या रेषा उमटल्या की बदलायची वेळ झाली. त्यावर अधूनमधून सिलिकॉन स्प्रे मारा. दार सोडवताना हिसका द्यावा लागला की प्रत्येक हिसक्याला स्क्रू थोडा थोडा ढिला होतो.

चुंबकाचा कॅच शांत हवेत छान चालतो, पण पृष्ठभाग किंचित तिरपे भिडले तरी त्याची पकड झटकन कमी होते. गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेला वायू भरलेला दांडा, दाराचा वेग आवरतो, आपटू देत नाही. अर्ध्यावर पक्कं धरून ठेवणं हे त्याचं काम नव्हे. बंजी दोरी लावूच नये. ती ताणली जाते, दार मागेपुढे डोलतं, आणि हुक सुटला तर डोळ्यावर येऊ शकतो. दार ९० अंशांवरच थांबवायचं असेल, म्हणजे मागे भिंतीपर्यंत जागाच नसेल, तर न ताणला जाणारा पट्टा किंवा लांबी कमीजास्त होणारा दांडा वापरा. पट्टा फक्त एका बाजूने ओढतो. दार बंद होऊ नये आणि आणखी उघडूही नये, दोन्ही हवं असेल तर दांडाच लागतो. तो वाटेत आडवा येणार नाही असा दाराच्या वरच्या भागात लावा, आणि आतून एका हाताने सुटला पाहिजे. आग लागली तर पळायचं याच दारातून.

बसवायची पद्धत जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं. दार हाताने पूर्ण उघडा आणि हँडल भिंतीला टेकायच्या आधी थांबवा. त्या स्थितीत लांबच्या कडेशी दार आणि भिंत यांतलं अंतर मोजा. कॅचचे दोन्ही भाग एकमेकांत बसल्यावर एकूण लांबी तेवढीच भरली पाहिजे. कमी भरली तर दार वाकवून अडकवावं लागतं. आधी दाराकडचा भाग बसवा, त्याच्या टोकाला खडू घासा, दार भिंतीवर हलकेच दाबा. ठसा उमटेल तिथे दुसऱ्या भागाचा मध्य. दार थोडं लचकत असल्याने नुसत्या टेपने माप घेतलं तर दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतोच.

भोक पाडण्यापूर्वी भिंतीच्या आत काय आहे ते बघा. दाराशेजारी बऱ्याचदा स्विचचं पॅनल असतं, मागे पायरीच्या, बाहेरच्या दिव्याच्या, ऑनिंगच्या (दारावर पसरायच्या कापडी छपराच्या) वायरी. ड्रिलच्या टोकापासून १० मिमीवर टेप गुंडाळा आणि त्यापुढे जाऊ नका. फायबरग्लासवर आधी मास्किंग टेप चिकटवा आणि ड्रिल क्षणभर उलट फिरवून सुरुवात करा, म्हणजे वरचा थर फुटत नाही. मागे ॲल्युमिनियमची नळी लागली तर उत्तम, साधा स्क्रू पुरतो. बहुतेक ठिकाणी मात्र पातळ थर, पातळ प्लाय आणि मग फोम. फोममध्ये स्क्रू काहीच धरत नाही. तिथे वेलनट वापरा, म्हणजे आत पितळी आटे असलेली रबराची नळी. बोल्ट आवळला की रबर मागच्या बाजूने फुगतं, भोक बंद करतं आणि झटकेही थोडे शोषतं. भोक नटाच्या पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच पाडा. अर्धा मिलिमीटर जास्त झालं तरी आवळताना नट जागेवर फिरतो. खाली ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, लावा. साधं सिलिकॉन नको, पुढे ते खरवडलं तरी त्या जागी दुसरं काही धड चिकटत नाही.

एक गोष्ट फार कमी लोक तपासतात. दार पूर्ण मागे नेल्यावर त्याच्या पाठीमागे काय झाकलं जातं? काही गाड्यांत तिथेच हीटर, गीझर किंवा फ्रिजची गरम हवा-धूर बाहेर सोडायची जाळी असते. हीटर चालू असताना दार त्याच्या धुराड्यावर असेल तर दाराचं पॅनल तापून फुगतं, आणि धूर कोंडून दारातूनच आत शिरू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. अशा गाडीत हीटर लावण्यापूर्वी दार बंद, याला अपवाद नको. जनरेटरचा धूर त्याच बाजूला सुटत असेल तरीही हेच.

ऑनिंग तिरकी करून खाली घेतली की दाराचा वरचा कोपरा कापडाला घासतो. पावसाचं पाणी साठून कापड लोंबलं तर नुसता घासत नाही, ते टरकन फाडतो. कोपऱ्यावर लावायचं छोटं रोलर मिळतं, ते लावून टाका.

गाडी लेव्हल नसेल तर दार आपोआप एका बाजूला झुलतं आणि कॅचवर कायम ओढ राहते, म्हणून कॅचला दोष देण्याआधी लेव्हल बघा. लेव्हल करताना जॅक एकेका कोपऱ्याने न उचलता जोडीने उचला, नाहीतर सांगाडा पिळतो आणि दार चौकटीत अडकायला लागतं.

दाराच्या स्विचवर पायरीचा दिवा असेल तर दार उघडं असेपर्यंत तो जळतो. जुना ११४१ नंबरचा बल्ब सुमारे १.४ अँपिअर खातो, म्हणजे १० तासांत बॅटरीतले १४ अँपिअर-तास. एलईडी लावा किंवा दिव्याला वेगळा स्विच द्या.

जाळीचं दार मुख्य दारापासून वेगळं होऊन चौकटीत नीट बसतंय ना, तेही पाहा. त्याची कडी झिजलेली असेल तर वारा ते आतून ढकलून उघडतो.

आणि झोत वाढायला लागले, ऑनिंग गुंडाळायची वेळ आली, की दारही लावून घ्या. झोपताना आणि गाडी सोडून लांब जाताना तर लावाच. टी कॅचचे दोन जादा तुकडे आणि चार वेलनट टूलबॉक्समध्ये असू द्या. जागा बदलली असेल तर जुनी भोकं इपॉक्सीने भरा, वाळल्यावर घासून वर सीलंट लावा. स्क्रू काढलेलं उघडं भोक एका पावसाळ्यात आतला प्लाय कुजवायला पुरेसं असतं.